थांबा कप्तान

आमच्या दाजींचा फोटो पेपरात छापून आला, तेव्हा ताई तो पेपर घेऊन सगळ्या बिल्डिंगभर फिरली. मी फोटोखालचा मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला. 'बर्फाशी झुंजणारा वाघ' म्हणे. हा वाघ रस्ता ओलांडायला कोपऱ्यावर उभा राहतो, तेव्हा शाळेतली पोरं, काठी टेकत जाणारे म्हातारे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, सगळे पलीकडे पोचलेले असतात आणि हा अजून अलीकडेच. का, तर जरा आणखी मोकळं होऊ दे. पाव आणायला पाठवलं तर रांगेत मागच्याला पुढे जाऊ देतो, मग त्याच्या मागच्याला, आणि पाव संपला की रिकामी पिशवी हलवत घरी येतो. वर चेहऱ्यावर काडीची शरम नाही.

पेपरवाल्या बाईंचा दोष नाही. त्या तासभर आल्या, ताईच्या हातचा चहा प्यायल्या, भिंतीवरचा बोटीचा फोटो बघून भारावल्या आणि गेल्या. मी त्या माणसाची मेव्हणी आहे आणि त्याच्याच बोटीवर अर्धं आयुष्य स्वयंपाक केलाय. त्याला नावं ठेवायचा दुहेरी हक्क माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाला देणार नाही. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका.

दाजी आईसब्रेकरचे कप्तान होते. म्हणजे बर्फ फोडत जाणारी बोट. पृथ्वीच्या अगदी टोकाला, जिथे समुद्रच गोठून बसतो, तिथे संशोधनाचं एक स्टेशन होतं. चार पत्र्याच्या खोल्या आणि एक उंच अँटेना. उन्हाळ्यात बर्फ जरा सैल पडला की आमची बोट तिथे जायची, हिवाळाभर तिथे राहून वैतागलेल्या माणसांना उचलायची, नवी माणसं उतरवायची आणि समुद्र परत मिटायच्या आत घरी यायची. ऐकायला बसच्या फेरीइतकं सोपं. फक्त या बसला रस्ता नसायचा.

अशी बोट बर्फ कापत जाते असं लोकांना वाटतं. कापतबिपत काही नाही. तिचं पोट हंड्यासारखं गोल असतं आणि तोंड उतरतं. ती बर्फावर चढते आणि बसते. नुसती बसते. वजनाने बर्फ खाली फुटतो. नाहीच फुटला तर थोडं मागे यायचं, धावत जायचं आणि परत बसायचं. ताई म्हणते, बोट आणि नवरा एकाच साच्यातले, दोघांचं सगळं काम बसून.

आता गोल पोटाची बोट बर्फात ठीक असते, पण उघड्या समुद्रात ती अशी लोळते की विचारू नका. भिंतीवर चालायचं की जमिनीवर, तेच कळत नाही. आणि या सगळ्या लोळण्यात सर्वांत आधी आडवा कोण व्हायचा, तर कप्तान. बंदर सुटलं की दाजी बादली घेऊन केबिनमध्ये शिरायचे. बोट दुय्यम कप्तान चालवायचा. त्याला आम्ही नुसतं दुय्यम म्हणायचो. कप्तानसाहेब पांघरुणातून हात काढून कोरा पाव मागायचे, तोही पोटात ठरायचा नाही. मग एक दिवस बोटीच्या अंगाला बर्फाचा पहिला तुकडा घासल्याचा आवाज व्हायचा. तासाभरात दाजी दाढी करून, भांग पाडून माझ्या दारात उभे. "मेव्हणीबाई, दोन अंडी. आणि बटाटे आहेत का?" जसे काही इतके दिवस सासुरवाडीला जाऊन आले होते.

आमच्यात ते आले कसे, तेही सांगते. आमच्या वडिलांची बंदराला लागून खानावळ होती. खलाशी यायचे, भराभर गिळायचे, बाहीला तोंड पुसायचे आणि जायचे. दाजी तेव्हा कुठल्याशा मालवाहू बोटीवर धाकटे अधिकारी होते. ते यायचे आणि बसायचे. सूप संपलं तरी बसायचे. टेबलं पुसून झाली, खुर्च्या उलट्या ठेवल्या, तरी यांची एक खुर्ची सुलटीच. वडिलांना वाटायचं, बिचाऱ्याला घरदार नसावं. मला वाटायचं, माझं सूप आवडलं असावं, आणि मी आतल्या आत फुगून बसले होते. खरा प्रकार असा की ताई हात पुसत बाहेर येईल म्हणून हे महाशय थांबलेले असत. ती आली की टोपी उचलायची, तिच्याकडे बघायचं आणि निघून जायचं. बोलायचं काही नाही. हे भिजत घोंगडं इतकं चाललं की शेवटी ताईनेच त्यांची ताटली उचलली आणि विचारलं, "लग्नाचं विचारायचंय की अजून सूप हवंय?"

"दोन्ही," दाजी म्हणाले.

पुढे खानावळ बंद पडली. मला लग्नाच्या भानगडीत पडायचं नव्हतं आणि घरी बसून ताईच्या जिवाला घोर लावायचा नव्हता. दाजींच्या बोटीवरचा स्वयंपाकी लोळण्याला कंटाळून पळाला होता. "एक फेरी ये," दाजी म्हणाले. त्या एका फेरीत माझे केस पांढरे झाले. सगळी बोट मला मावशी म्हणायला लागली, आणि मी त्यांच्या पोटापाण्याची मालकीण झाले.

पहिल्याच फेरीत दाजींनी न सांगता बर्फाला धडक दिली आणि उकळतं सूप माझ्या पायावर आलं. मी लंगडत वर गेले आणि सुकाणूच्या खोलीत सगळ्यांसमोर कप्तानाला असा झाडला की दुय्यम नकाशामागे लपला. तेव्हापासून नियम झाला. धडक द्यायच्या आधी कप्तानाने वरून दोरी ओढायची आणि माझ्या स्वयंपाकघरातली घंटा वाजवायची. घंटा झाली की मी झाकणं दाबायची, पातेल्यांना कवटाळायचं आणि दात आवळून उभं राहायचं. दुसऱ्या कुठल्या बोटीवर अशी घंटा नव्हती. दुसऱ्या कुठल्या बोटीवर कप्तानाची मेव्हणीही नव्हती.

पण खरं सांगायचं तर ती घंटा फार वेळा वाजायची नाही. दाजींची पद्धत वेगळी होती. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत असला की सगळा बर्फ किनाऱ्यावर चेपला जातो, घट्ट बसतो. तेव्हा कितीही आपटा, फोडलेली वाट पाठीमागे लगेच मिटते आणि बोट दोन्हीकडून आवळली जाते. वारा उलटा फिरला की तोच बर्फ आपोआप सैल होतो आणि पाण्याच्या वाटा उघडतात. हे सगळ्या कप्तानांना ठाऊक असतं. पण बाकीच्यांना धीर नसतो. ते आपटत राहतात, बोटीखालचे पंखे मोडून घेतात आणि वर छाती काढून फिरतात. दाजी इंजिन मंद करायचे आणि म्हणायचे, "थांबा. बर्फाला कंटाळा येऊ द्या." मग खाली येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसायचे आणि बटाटे सोलायचे. सोलायचे म्हणजे सालीबरोबर अर्धा बटाटा जायचा. मी ओरडायचे, ते मान हलवायचे, आणि पुढचा बटाटा तस्साच. मधूनच बाहेर जाऊन माझ्या धुराड्यातली वाफ कुठे कलतेय ते बघून यायचे. वरती वारा मोजायचं यंत्र होतं, पण त्यांचा विश्वास माझ्या वाफेवर. त्यासाठी मला काही ना काही सतत उकळत ठेवावं लागे.

त्यांच्या बोटीला कधी पोचा आला नाही. पण ती कधी वेळेवरही आली नाही. बंदरात त्यांचं नाव 'थांबा कप्तान' पडलं ते असं. इतर कप्तान हसायचे. दाजींना हसू आलेलं मी पाहिलं नाही, आणि रागही नाही.

रडू यायचं ते घरी. ताईला मुलगी झाली तेव्हा आम्ही बर्फात रुतलो होतो. रेडिओवाला वरून धावत आला, म्हणाला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, उत्तर काय पाठवू. दाजींनी खिडकीबाहेर बर्फाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कळवा. थांबा, येतो."

"दाजी, अहो बाळ जन्माला आलंय," मी म्हटलं. "आता थांबायचं कोणी?"

पण तेच गेलं. ताईला ते दवाखान्यात वाचून दाखवलं तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली म्हणे. ताई हसली नाही. त्या दोन शब्दांवरून आजही घरात भांडण उकरता येतं.

मुलगी एका जागी क्षणभर ठरायची नाही, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले. आई धीराची, बाप तर काय बोलायलाच नको, आणि ही कुठून अशी निघाली कोण जाणे. जेवण ताटात पडायच्या आत उठायची. शाळेचा जिना चढायची नाही, उड्या मारायची. आणि बाप घरी येणार म्हटलं की खिडकीत जाऊन बसायची. एखाद्या फेरीला मी आजारपणामुळे घरी असायचे, तेव्हा तिच्या आयुष्यात ती फक्त तिथेच बसलेली मी पाहिली. एका वाढदिवसाला दाजींनी तिला सायकल शिकवायचं कबूल केलं. मग बर्फ, वारा, बटाटे. ते आले तेव्हा हातात लांबच्या बंदरातून घेतलेली लाल सायकल होती, सगळ्या प्रवासात डेकवर दोरीने बांधून आणलेली. भिंगरी तिच्यावर बसली तर गुडघे हँडलला लागले. मधल्या काळात पोर उंच झाली होती, आणि शेजाऱ्यांची सायकल घेऊन चालवायलाही शिकली होती. ती खाली उतरली, सायकल भिंतीला टेकवून ठेवली आणि आत निघून गेली. त्या दिवसानंतर खिडकीत बसणं संपलं.

मोठी झाल्यावर ती हवामानवाली झाली. आणि एक दिवस तिने जाहीर केलं की हिवाळाभर राहायला ती त्याच टोकाच्या स्टेशनवर जाणार आहे. दाजींनी विचारलं, "का?" ती म्हणाली, "असं काय आहे तिथे, की माणूस घरी येत नाही, ते बघायचंय." निघताना तिने ट्रंक इतकी ठासून भरली की झाकण लागेना. मी म्हटलं, अगं एवढं कशाला. तर बापाकडे न बघता म्हणाली, "मला आणायला बाबाची बोट येणार आहे. एक हिवाळा जास्तीचा धरूनच सामान घेतेय."

दाजी तेव्हा दारात उभे होते. ऐकलं त्यांनी. ट्रंकेवर बसले आणि झाकण लावून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. दाजींची ती शेवटची फेरी, नंतर निवृत्ती. स्टेशनही काही काळ बंद ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळे नवी माणसं नव्हती. फक्त आतल्यांना आणायचं. स्टेशनवरचं जळण संपत आलं होतं, खायचे डबेही. आम्ही पोचलो नाही तर त्यांना पुढचा हिवाळा उरल्यासुरल्यावर, अर्ध्या थंडीत काढायचा होता. बंदरात ताईने माझा हात धरला. "तिला घेऊन ये," ती म्हणाली. "नाही आणलंस तर त्यांनाही आणू नकोस."

ती हसत बोलली असती तर मी टोला मारला असता. ती हसत नव्हती.

उघड्या समुद्रात दाजी नेहमीप्रमाणे आडवे. बर्फ लागल्यावर नेहमीप्रमाणे उभे. पण या वेळी त्यांनी अंडी मागितली नाहीत. सरळ वर गेले आणि तिथेच राहिले. स्टेशनचा अँटेना दुर्बिणीतून दिसायला लागला, आणि तिथेच आमचं घोडं अडलं. वारा समुद्राकडून सुटला. सगळा बर्फ किनाऱ्यावर चेपला गेला, तुकडे एकमेकांवर चढून ढीग झाले, आणि आमच्या बोटीच्या दोन्ही अंगांना असा दाब आला की माझ्या फडताळाची दारं उघडेनात. पुढे जायला वाट नाही, मागची मिटलेली. मोठ्या बोटींवर हेलिकॉप्टर असतं. आमच्याकडे शिडी होती.

भिंगरी रेडिओवर बोलायची, पण बापाशी नाही. "स्टेशनकडून बोटीला," अशी सुरुवात करायची आणि वाऱ्याचे आकडे सांगायची. दाजी शेजारी उभे असले तरी "कप्तानसाहेबांना कळवा" म्हणायची. कप्तानसाहेब "समजलं" म्हणायचे. हे ऐकून रेडिओवाल्यालाच घाम फुटायचा. मला मात्र ती एकदा हळूच म्हणाली, "मावशी, मी ट्रंक पुरेशी भरली होती ना?"

वारा काही फिरेना. दाजी खाली आले, स्टुलावर बसले, बटाटा हातात घेतला आणि नुसतेच बघत राहिले. ऑफिसातून निरोपावर निरोप यायला लागले. समुद्र बाहेरून गोठायला लागलाय, एक तर धडक देऊन आत जा, नाहीतर जमेल तेव्हा मागे फिरा, पण काय ते ठरवा. दुय्यम खाली येऊन माझ्यापाशी कुरकुरला. "मावशी, तुम्ही तरी सांगा. पोटची पोर आहे पलीकडे. आता तरी हात चालवा म्हणावं."

मी सांगितलं. मी काय कमी चिडले होते का. म्हटलं, "दाजी, आयुष्यभर वाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलात. एकदा तरी अंगात येऊ द्या की. त्या पोरीला काय सांगणार आहात, की बर्फाला अजून कंटाळा आला नव्हता?"

दाजींनी बटाटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, उघड्या समुद्रात पडायचा तसा. "धडक दिली तर बोट अडकेल," ते म्हणाले. "नाही दिली तर ती अडकेल." आणि उठून वर गेले.

मग घंटा वाजली.

मी झाकणं दाबली. मोठं पातेलं कवटाळलं. खाली इंजिन घुमायला लागलं, ताटल्या थरथरल्या. मी दात आवळून उभी. आता बसेल, मग बसेल. काही नाही. इंजिनाचा आवाज उतरला आणि मंद होऊन राहिला. मी आणखी थोडा वेळ तशीच पातेल्याच्या गळ्यात पडून होते, मग माझं डोकं फिरलं. झाकण हातात घेऊनच वर गेले. घंटा म्हणजे काय खेळ वाटला का या माणसाला.

वर पोचले तर दाजींचा हात इंजिनाच्या दांड्यावर, आणि बोटं पांढरी झालेली. रेडिओवाल्याच्या हातात कागदाचा कपटा. मी विचारलं, काय झालं. मग रेडिओवाल्याने वाचलं. स्टेशनवरची सगळी माणसं घसरगाड्या घेऊन, बर्फावरून चालत आमच्या बोटीकडे निघाली होती. हवामानवालीने हिशेब मांडला होता की हा वारा संध्याकाळपर्यंत टिकेल, तोवर बर्फ चेपलेला राहील, आणि चेपलेल्या बर्फावरून चालता येतं. खाली एक ओळ होती. 'बाबाला सांगा. थांब, येते.'

दाजींची ती जुनी ओळ माहीत नाही असा माणूस त्या बोटीवर नव्हता. दुय्यमने टोपी काढली आणि उगाच आत बघत बसला.

बघा, एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही बोटवाली माणसं. बर्फ म्हणजे मधली अडचण, फोडायची वस्तू. तिच्यासाठी तो रस्ता होता. आणि दाजींनी धडक दिली असती तर तोच रस्ता पोरीच्या पायाखाली तडकला असता. मी दिलेल्या सल्ल्याबद्दल मला कोणी काही म्हणालं नाही. मीही मूग गिळून बसले.

आणि आता गंमत बघा. जन्मभर हा माणूस वारा फिरायची वाट बघत आला. आता वारा फिरला तर माणसं बुडणार. "मेव्हणीबाई," दाजी म्हणाले, "तुझ्याकडे जे काही आहे ते उकळत ठेव. मला वाफ दिसली पाहिजे." मी पाणी उकळलं, सूप उकळलं, काही सुचेना तेव्हा धुतलेले टॉवेल उकळले. वाफ किनाऱ्याकडे कलत होती, बरोबर होतं. दाजी डेकवर कठड्याला धरून उभे राहिले, एकदा वाफेकडे आणि एकदा दुर्बिणीतून ढिगांकडे बघत. समुद्र सपाट, बोट दगडासारखी स्थिर, आणि तरी ते कठड्यावरून वाकून ओकले. मी पाणी नेऊन दिलं. म्हटलं, दाजी, ही कसली तऱ्हा. ते म्हणाले, "हे असं असतं होय."

"काय असतं?"

"खिडकीत बसणं," दाजी म्हणाले, आणि तोंड पुसलं.

मी खाली जाऊन आणखी एक पातेलं चढवलं आणि परत वर आले.

ढिगांमागून ठिपके दिसायला लागले, मग रंगीत कोट, मग गाड्या ओढणारे वाकलेले खांदे. सगळ्यांत पुढे कोण होतं ते दुर्बिणीशिवाय कळत होतं, कारण बाकीचे चालत होते आणि ती उड्या मारत होती. आणि तेवढ्यात माझी वाफ सरळ वर जायला लागली. वारा पडला. संध्याकाळ अजून व्हायची होती, पण वाऱ्याला हिशेब कोण समजावणार. बर्फातून कुरकुर ऐकू आली आणि आमच्या आणि त्यांच्या मध्ये एक काळी चीर उघडली. पाऊल टाकण्याइतकी, मग उडी मारण्याइतकी, मग उडीही पुरणार नाही एवढी.

"कप्तान, बोट पुढे घेऊ," दुय्यम म्हणाला. "एका दमात पोचू."

"थांबा," दाजी म्हणाले. "पंखा फिरला तर त्यांच्याखालचा तुकडाच फुटेल."

या वेळी कोणी हसलं नाही. दाजी वळले. "मेव्हणीबाई, टेबल."

माझं टेबल. बोट लोळते म्हणून जमिनीला पक्कं ठोकलेलं, लांबलचक, त्यावर उद्याच्या पावाचं पीठ मळून ठेवलेलं. खलाशांनी पिठाचा गोळा माझ्या हातात कोंबला, टेबल उपटलं आणि शिडीवरून खाली नेऊन पळत जाऊन चिरेवर आडवं टाकलं. दाजी स्वतः त्याच्या अलीकडच्या टोकावर बसले. नुसते बसले, वजन देऊन, हलू नये म्हणून. एकेक माणूस रांगत पलीकडून आलं. सामान तिकडेच टाकलं. भिंगरी शेवटी राहिली. जिला जेवण ताटात पडेपर्यंत धीर नव्हता, ती बाकी सगळे पार होईपर्यंत त्या काळ्या पाण्याकाठी उभी राहिली. मग आली. तिचे पाय अलीकडे टेकले तशी चीर आणखी फाकली, आणि माझं टेबल घसरून पाण्यात पडलं.

बापलेक बर्फावर समोरासमोर. तिच्या पापण्यांवर बर्फ, यांच्या पँटला पाणी.

"जरा उशीर झाला," भिंगरी म्हणाली.

"असू दे," दाजी म्हणाले. "मी थांबलो होतो."

पोर मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. दाजीही रडले, नाकातून आवाज काढत, फार वाईट दिसत होते. मी शिडीवर पिठाचा गोळा धरून उभी होते आणि मीही रडले. रडायला काय, पुसायला हात मोकळे नव्हते एवढंच.

पुढचं सगळं सोपं. वारा उलटा फिरला, बर्फ सैल झाला, घंटा न वाजवता आम्ही बाहेर पडलो. उघड्या समुद्रात दाजी आडवे झाले आणि या वेळी बादली भिंगरीने धरली. बंदरात ताईने आम्हा तिघांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि दाजींना म्हणाली, "या. तुम्हालाही आणलं म्हणायचं." आम्ही मात्र नेहमीप्रमाणे उशिराच पोचलो होतो.

असा हा पेपरातला वाघ. परवाचीच गोष्ट. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली कोपऱ्यावर दाजी पिशवी घेऊन उभे, आणि शेजारी सुट्टीवर आलेली भिंगरी, त्यांच्या कोपराला धरून. रस्ता मोकळा होता. गाडी सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, आता ही ओढून नेईल त्यांना पलीकडे. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि उभी राहिली. चांगली बराच वेळ उभी राहिली.

पाव अर्थातच संपला होता.